रुळांवरून काढलेला रस्ता

कांकेर,
२९ ऑक्टोबर २०२२

प्रिय मोठेबाबांना,

सप्रेम जय भीम.

भिलाई सोडून आज तिसरा दिवस. पहिला मुक्काम बालोद, दुसरा भानुप्रतापपूर, आज कांकेर. पाय दुखतात, पाठ दुखते, आणि तरी मुक्कामाला पोचले की तासाभरात पुन्हा निघावंसं वाटतं. काल धर्मशाळेच्या ओट्यावर बसले होते, तर नुसतं बसवेना. उठून सायकलची चेन पुसली, मग पुन्हा पुसली.

फोन करून तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. एकोणचाळीस वर्षं इंजिनात बसून तुम्ही कान घालवून बसलात. मोठीआई फोन तुमच्या कानाला लावते, मी इकडून ओरडते आणि तुम्ही म्हणता, "हो हो, जेवलो." म्हणून पत्र. पुढच्या पोस्टाचा पत्ता दर वेळी कळवीन, तिथे पोस्टमास्तरांकडे राखून ठेवा म्हणून लिहा.

बाबा अजून बोलत नाहीत. निघताना रुआबांध्याच्या क्वार्टरच्या दारात उभे होते. म्हणाले, "नोकरीची ऑर्डर आज येईन का उद्या, अन् तू सायकल घेऊन फिरून राहिली! कावून?" मी पिशव्या आवळल्या आणि निघाले. रेल्वेची परीक्षा देऊन चार वर्षं झाली, निवडीच्या पॅनलवर नाव लागूनही आता वर्ष होईल. पावर हाउस भागातल्या कोचिंग क्लासमध्ये मी चार वर्षं पोरांना एकच गणित शिकवते आहे, दोन गाड्या समोरासमोरून येतात, तर किती वेळात भेटतील. माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

बाबा रिटायर झाले की पुढच्या वर्षी क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून अर्जावर मी तुमचा पत्ता दिला होता. ऑर्डर आली तर मला लगेच कळवा. असिस्टंट लोको पायलट व्हायचं की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही, पण ते मलाच ठरवायचं आहे.

उद्या केशकालचा घाट. तुम्ही वाट आखून दिलेला कागद पिशवीत आहे. जगदलपूरला लिहा.

तुमची,
आम्रपाली

---

भिलाई-३,
२ नोव्हेंबर २०२२

चि. आम्रपाली,

जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल मिळालं. तुझ्या मोठीआईने, शालूने, दोनदा वाचलं आणि मग माझ्यावर घसरली. "पोरीले जंगलात धाडलं अन् सोता घरात पेपर वाचून राहिले!" मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा एवढाच काय तो फायदा आहे.

सुगत परवा येऊन गेला. तुझं नाव काढत नाही, पण सायकलच्या टायरला किती दिवसांनी हवा भरावी लागते, असं विचारत होता. तुझ्या बापाला, माझ्या या धाकट्या भावाला, राग धरून ठेवायची कला कधीच आली नाही.

कागद सांभाळ. जयपूरपासून पुढे, म्हणजे ओरिसातलं जयपूर, सगळी वाट मी डोळे मिटून सांगू शकतो. नोकरीची पहिली सात वर्षं मी त्या खनिजाच्या लायनीवर काढली आहेत, इकडे बदली होण्याआधी. चढ घाबरण्यासारखा नाही. साठाला एक आहे फक्त, म्हणजे साठ फुटांत एक फूट. लोखंडाच्या दगडाने भरलेली गाडी चढते, तुला काय होणार आहे?

एक काम सांगतो. पडुआ सोडल्यावर डुमरीपदर म्हणून गाव लागेल. तिथे रुळावर फाटक होतं, बिनमाणसाचं. आता तिथे काय आहे ते बघ आणि लिही. अर्ध्या दिवसाची वाकडी वाट पडेल, पण जा. तसं विशेष कारण काही नाही, सहज.

टपालात तुझ्या पत्राखेरीज सांगण्यासारखं काही आलं नाही. समुद्र बघितल्याशिवाय परतू नको.

तुझा मोठाबाबा,
चंपत

---

कोरापुट,
१० नोव्हेंबर २०२२

प्रिय मोठेबाबांना,

जय भीम. तुमच्यावर मी संतापले आहे, ते आधी लिहून टाकते.

साठाला एक! तो चढ तुमच्या रुळांचा आहे हो. रूळ डोंगराला वळसे घालत जातात, बोगद्यात शिरतात आणि पलीकडे निघतात. रस्ता सरळ डोंगराच्या छातीवर चढतो. जयपूरहून कोरापुटला येताना घाटात मी सायकलवर कमी आणि सायकलच्या बाजूला जास्त होते. मागून येणारे ट्रकवाले खिडकीतून डोकं काढून हसत होते. तुम्ही हा डोंगर ज्या जागेवरून बघितला आहे तिथून तो दिसतच नाही, तुम्ही त्याच्या पोटात असता.

आणि मुक्काम! तुमच्या कागदावर जी गावं लिहिली आहेत ती गावं नाहीत, स्टेशनं आहेत. इथे पोचायच्या आदल्या संध्याकाळी पाच वाजता त्यातल्या एका "गावाला" पोचले. एक प्लॅटफॉर्म, एक हापसा आणि एक स्टेशन मास्तर. गाव तिथून सात किलोमीटर. मास्तरांनी विचारलं, "मॅडम, इथे कशाला उतरलात?" मी म्हणाले, उतरले नाही, चढून आले. त्यांनी वेटिंग रूम उघडून दिली आणि भात खाऊ घातला. तुमचं नाव सांगितल्यावर म्हणाले, "रेल्वेवाल्याने काढलेला रस्ता आहे, मग असंच होणार."

गुडघा सुजला आहे. चार दिवसांपासून कोरापुटला एका शाळेच्या बाईंकडे आहे. त्या खूप चांगल्या आहेत, पण मला एका जागी राहून चिडचिड होते. खिडकीतून रस्ता दिसतो. दिवसभर त्याच्याकडे बघत बसते.

इथे पडल्या पडल्या एकच विचार येतो. ऑर्डर आली तर? कधी वाटतं, यावी आणि मी धावत जावं. इंजिन चालवणारी आपल्या घरातली पहिली मुलगी. कधी वाटतं, ती खुर्ची एकदा मिळाली की हे सगळं संपलं. तुम्हाला कसं वाटलं होतं पहिल्या दिवशी? तुम्ही कधी काही सांगितलं नाही. सुट्टीत आम्ही गोष्टी सांगा म्हणून मागे लागायचो, तर तुम्ही फक्त बोगदे मोजून दाखवायचे.

ऑफिसकडून काही आलं का? अरकूला लिहा. डुमरीपदरला जाईन.

तुमची,
आम्रपाली

---

भिलाई-३,
१४ नोव्हेंबर २०२२

चि. आम्रपाली,

आशीर्वाद.

चूक माझी. कागद फाडून टाक. रस्ता म्हटलं की माझ्या डोक्यात रूळच येतात, त्याला आता या वयात इलाज नाही. यापुढे गावच्या माणसाला विचारत जा. आणि हो, अरकूच्या पुढे फक्त उतार आहे असं मी लिहिलं आहे, तेही रुळांचंच. रस्त्याला आधी आणखी एक चढ असेल. गुडघ्याला शालूने सांगितलेला लेप लाव, मोहरीचं तेल आणि हळद.

पहिल्या दिवशी कसं वाटलं विचारतेस. छाती फुगली होती. माझ्या बाबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, वस्तीत सगळ्यांना बोलावून खीर वाटली होती. त्यांनी स्वतः रेल्वेत आयुष्यभर रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये हातोडा मारला आणि पोरगा इंजिनात बसला, याचं त्यांना फार होतं. ते आता आठवलं की मला बरं वाटत नाही, म्हणून सांगत नाही.

तू सारखी नोकरी नोकरी काय करतेस? आली तर येईल, नाही तर नाही. आता ती घाई डोक्यातून काढ. समुद्राकाठचा रस्ता तुझ्या पुढे आहे. तिकडून वर पुरीपर्यंत जाता येतं म्हणतात. जा की. परत यायला कोणी तारीख दिली आहे का?

तुझा मोठाबाबा,
चंपत

---

अरकू,
१९ नोव्हेंबर २०२२

प्रिय मोठेबाबांना,

जय भीम.

तुमचं पत्र इथे पोस्टात वाचलं आणि बाहेर पायरीवर बसून रडले. सगळ्या घरात तुम्ही एकटे आहात जे मला म्हणतात, जा, आणखी पुढे जा. बाबांना नोकरी पाहिजे, आईला लग्न पाहिजे. तुम्हाला माझ्याकडून काहीच नको आहे. मी खरंच पुरीपर्यंत जायचा विचार करते आहे.

आता डुमरीपदर. तुम्ही सांगितलं म्हणून गेले. जंगलातली कच्ची वाट, साल आणि फणस, दोन्हीकडे हळदीची शेतं. फाटक आता नाही. रुळाखालून सिमेंटचा बोगदा केला आहे, लोकांनी खालून जावं म्हणून. पण त्यात पावसाळ्यापासूनचं पाणी साचलेलं आहे, माझ्या मांडीपर्यंत. खालून कोणी जात नाही. सगळं गाव पूर्वीसारखंच वरून रूळ ओलांडतं, बाया डोक्यावर भारे घेऊन, माणसं सायकल खांद्यावर घेऊन.

मीही तशीच चढले. मागच्या पिशव्या काढायचा कंटाळा केला आणि भरलेली सायकल तशीच ढकलत वर नेली. दोन रुळांच्या मधल्या खडीत चाक अडकलं. मी वाकून ते काढत होते. तिथे वळण आहे, तुम्हाला माहीत असेलच, झाडीमुळे पलीकडचं काही दिसत नाही. गाडी आली. शिट्टी नाही, काही नाही, रूळ थरथरले म्हणून कळलं. एका बाईने मला दंडाला धरून मागे ओढलं. सायकल कशी सुटून माझ्याबरोबर आली मला आठवत नाही. मागची एक पिशवी रुळातच राहिली. माझे कपडे, तुमचा कागद, सगळं गेलं.

ती बाई मला ओरडत होती. तिची बोली थोडी आपल्या छत्तीसगढीच्या जवळची, त्यामुळे अर्धं कळलं. फाटक होतं तेव्हा शिट्टीची पाटी होती, पाटी होती तेव्हा ड्रायव्हर शिट्टी द्यायचे. आता कागदावर इथे कोणी रूळ ओलांडतच नाही, म्हणून पाटी काढली.

मला काही झालेलं नाही. मोठीआईला हे पत्र वाचायला देऊ नका.

ऑर्डर आली नाही ना? बरंच झालं. त्या ड्रायव्हरचा चेहरा मला क्षणभर दिसला. माझ्याहून तोच जास्त घाबरला होता.

विशाखापट्टणमला लिहा, मोठ्या पोस्टात.

तुमची,
आम्रपाली

---

भिलाई-३,
२३ नोव्हेंबर २०२२

चि. आम्रपाली,

तुझी ऑर्डर आली आहे. एक नोव्हेंबरला आली, तुझं कांकेरचं पत्र आणि ती, पोस्टमनने दोन्ही एकदमच हातात दिली. सही मी केली. हजर व्हायची शेवटची तारीख पाच डिसेंबर. तिची झेरॉक्स सोबत ठेवली आहे, मूळ कागद कपाटात आहे.

मी ती बावीस दिवस लपवून ठेवली. तारीख निघून जावी म्हणूनच तुला पुरीला जा म्हणत होतो. आज सकाळी सुगतला बोलावलं आणि सांगितलं. तो मला कधी वर आवाज करून बोलला नव्हता, आज बोलला. इतका मोठ्याने की मलाही ऐकू आलं. "दादा, माह्या पोरीच्या नशिबावर तुम्ही कावून बसून राहिले?" तो तुला आजच फोन करेल. पण कारण मी त्याला सांगितलेलं नाही, ते फक्त तुला लिहितो आहे. म्हणून त्याला म्हटलं, तिला माझं पत्र वाचू दे, मग घरी बोलाव.

सत्त्याऐंशी सालचा नोव्हेंबर. सकाळचे साडेसात. डुमरीपदरच्या वळणावर मी गाडी घेऊन आलो. तेव्हा पाटी होती. पाटी दिसली की शिट्टी द्यायची, फाटक ओलांडेपर्यंत देत राहायची, हा नियम. मी सहा वर्षं रोज तिथून जात होतो आणि तिथे कधी कोणी नसायचं. तेव्हा कोणी चहाचा विषय काढला होता, का आणखी काही, आता आठवत नाही. मी शिट्टी दिली नाही. एवढंच. झोपेत नव्हतो, प्यालो नव्हतो, माझा हात फक्त वर गेला नाही.

एक माणूस सायकल ढकलत रूळ ओलांडत होता. सायकलवर झाडूच्या गवताचा आडवा भारा, त्यामुळे त्याला आमची बाजू दिसत नव्हती. ब्रेक लावला. भरलेली गाडी ब्रेक लावल्यावर किती लांब जाते हे तू पुस्तकात वाचलं आहेस. मी ते खिडकीतून बघितलं.

चौकशीत मी लिहून दिलं की शिट्टी वाजवली होती. माझ्या असिस्टंटने, नत्थूने, खाली सही केली. तो बिचारा नवीन होता, मला साहेब म्हणायचा. आमच्यावर ठपका आला नाही. नत्थू गेला त्याला दहा वर्षं झाली. त्या माणसाचं नाव कागदावर कुठेच नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नाही. त्यानंतर महिन्याभरात बदलीचा अर्ज केला.

ऑर्डर हातात आली तेव्हा मला तू त्या खुर्चीत दिसलीस. मला वाटलं, माझ्यासारखी ही पण एक दिवस हात वर करणार नाही. तुला त्यातून वाचवतो आहे असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तू इंजिनात बसलीस की रोज येऊन मला विचारशील, मोठेबाबा, तुमच्या वेळी असं झालं होतं का? त्याची मला भीती होती.

आणि त्याच जागी मीच तुला पाठवलं, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून. तिथे आता पूल असेल, भिंत असेल, तू तसं लिहिशील आणि माझं ओझं उतरेल, असा माझा हिशेब होता. तुझं पत्र आल्यापासून मी जेवलो नाही. शालूला वाटतं ताप आहे.

माफ कर असं लिहीत नाही. पाच तारखेच्या आत ये.

चंपत

---

जगदलपूर,
३० नोव्हेंबर २०२२

मोठेबाबा,

मी परवा बसने भिलाईला पोचेन, हे पत्र कदाचित माझ्या मागून येईल. पण जे लिहिते आहे ते तुमच्या कानात ओरडून सांगितलं तर आख्खं भिलाई-३ ऐकेल.

बाबांचा फोन आला तेव्हा मी घाट उतरून खाली आले होते. महिन्याभराने पहिलं वाक्य, "जेवली का?" मग ऑर्डरचं. मला आधी काही कळलंच नाही. मग इतका राग आला की विशाखापट्टणमपासून भीमिलीपर्यंतचा समुद्राकाठचा रस्ता मी दोन दिवसांत चारदा तुडवला. एवढा समुद्र होता शेजारी, वाळूवर जाळी पसरलेली, होड्या ओढणारी माणसं. मी कशाकडे धड बघितलं नाही. नुसते पेडल मारत होते आणि तुम्हाला शिव्या देत होते. तुम्हाला माझ्याकडून काहीच नको आहे असं मी लिहिलं होतं ना? ते आठवून स्वतःचीच लाज वाटत होती.

सव्वीसला तुमचं पत्र मिळालं. ते वाचून राग गेला नाही. तो अजून आहे आणि राहील. तुम्ही माझी तारीख घालवायला निघाला होता, हे मी विसरणार नाही. पण सत्तावीसच्या सकाळी मी सायकल ब्रेकव्हॅनमध्ये, सामानाच्या डब्यात, टाकली आणि त्याच लायनीच्या गाडीत बसले. अरकूला उतरले आणि डुमरीपदरला परत गेले.

मला ओढणारी बाई घरीच होती. झाडू बांधत होती. मी तिला विचारलं, इथे पस्तीस वर्षांपूर्वी सायकलवाला माणूस गाडीखाली गेला होता, तो कोण होता? तिने हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, माझा बाप. मी तेव्हा सहा वर्षांची होते.

मी तिच्यासमोर खाली बसले आणि सगळं सांगितलं. तुमचं नाव, तुमचं माझं नातं, सगळं. हिंदीत, छत्तीसगढीत, जसं जमेल तसं. म्हणाले, त्यांनी शिट्टी दिली नव्हती आणि दिली म्हणून लिहून दिलं. मला वाटलं ती मला हाकलून देईल, किंवा रडेल.

ती म्हणाली, आम्हाला माहीत आहे.

मोठेबाबा, सगळ्या गावाला माहीत आहे. त्या सकाळी अर्धं गाव शेतात होतं, भात कापत होतं. एवढ्या जवळून शिट्टी झाली असती तर प्रत्येकाला ऐकू आली असती. साहेब लोक आले, रूळ मोजले, फोटो काढले, गेले. गावात कोणाला काही विचारलंच नाही. तुम्ही पस्तीस वर्षं जे उरात धरून ठेवलं, ते तिथल्या लहान पोरांनाही माहीत आहे. तिने मला ती जागा दाखवली, आणि तिथल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की पुढे महिनाभर एक ड्रायव्हर तिथून जाताना लांबूनच शिट्टी देत यायचा आणि लांबपर्यंत देत जायचा, कान फुटेपर्यंत. तो त्या सकाळचाच ड्रायव्हर होता, हेही त्यांना माहीत होतं.

मी जॉईन होते आहे. तुम्हाला खोटं पाडायला नाही, आणि तुमच्या वाट्याचं फेडायलाही नाही. कोरापुटलाच माझं जवळपास ठरलं होतं, फक्त कबूल करायची हिंमत नव्हती. मी हात वर करायला विसरणारच नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. तुम्हीही पहिल्या दिवशी तसंच वचन दिलं असतं. पण विसरले तर खरं लिहून देईन, एवढं मला आता येतं.

निघताना मी तिला तिच्या बापाचं नाव विचारलं. तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही आणि घरी आल्यावरही सांगणार नाही, तुम्ही कितीही विचारलंत तरी. तुम्ही माझी ऑर्डर बावीस दिवस ठेवून घेतली, मी हे नाव ठेवून घेते. तुम्हाला ते हवं असेल तर तिथे जाऊन तिला विचारा. तिने एवढंच म्हटलं आहे, त्याला म्हणावं, ये. दिवसाउजेडी ये.

रिटायर झाल्यावर मिळणारा तुमचा रेल्वेच्या फुकट प्रवासाचा पास या वर्षीचा अजून शिल्लक आहे, मोठीआई म्हणत होती. मी आले की फॉर्म भरून देते.

आम्रपाली